गावात राहून सरकारचा: वऱ्हाडातला पोलीस पाटील

इंग्रजी अमलात आयर्लंडच्या प्रत्येक काउंटीला एक शेरीफ असे. डब्लिनचा लॉर्ड लेफ्टनंट त्याला वर्षभरासाठी नेमी. पगार नाही, मान मोठा. त्यामुळे हे पद बड्या जमीनदारांच्या घरांतच फिरत राही. ज्यूरीत कोणाला बसवायचं यात त्याचा हात, निवडणुकीचा निकाल त्याच्या तोंडून, कोर्टाचा हुकूम त्याच्या नावाने. थकलेल्या कुळाला घराबाहेर काढण्याचं ओंगळ काम तो दुय्यम शेरीफाकडे सोपवी. १८७९ नंतरच्या जमीन-लढ्यात हा दुय्यम शेरीफ बंदूकधारी पोलिसांच्या गराड्यातच गावात शिरू शकत होता. मालकाचा माणूस मालकाच्याच बाजूने हुकूम बजावतो आहे, हे शेंबड्या पोरालाही दिसत होतं.

शेरीफ आपल्याकडेही आला, पण तो मुंबईत. तिथे त्याला पुढे नगरपाल म्हणू लागले, डॉ. भाऊ दाजी लाड १८६९ आणि १८७१ असे दोनदा त्या खुर्चीवर बसले. यवतमाळच्या मुलखात साहेबाला शेरीफ आणावा लागला नाही. १८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाड हाती आलं, तेव्हा काउंटीच्या तोलाचा परगणा इथे होता आणि परगण्याचे वतनदार म्हणून देशमुख-देशपांडेही होते. खरं तर शेरीफाशी नातं जुळायचं ते देशमुखाचं. इंग्रजांनी नेमकं तेच मधलं माणूस बाजूला सारलं. देशमुखांच्या हाती नेमणूक-पेन्शन उरली, वाडे उरले, आडनाव उरलं. कारभार थेट गावाशी, म्हणजे पाटील-पटवाऱ्याशी सुरू झाला. मला हा निर्णय फार हिशेबी वाटतो. परगण्याचा माणूस डोईजड होऊ शकतो, एका गावचा पाटील किती होणार?

वऱ्हाडात मुंबई इलाख्याच्या धर्तीवर रयतवारी मोजणी झाली. सारा गोळा करायचा मुलकी पाटलाने, हिशेब लिहायचा पटवाऱ्याने, आणि गुन्ह्याची, अकस्मात मृत्यूची, गावात आलेल्या अनोळखी माणसाची खबर ठाणेदाराला द्यायची पोलीस पाटलाने. लहान गावात मुलकी आणि पोलीस ही दोन्ही कामं एकाच पागोट्याखाली असत. १९०० साली पाटील-पटवाऱ्यांसाठी वऱ्हाडाचा वेगळा कायदाच झाला. पद वंशपरंपरेचं, मोबदला वसुलीच्या टक्केवारीवर. पण पाटीलकीची गोडी टक्केवारीत नव्हती. पोळ्याच्या तोरणाखालून पहिली जोडी कोणाची जाणार, यावर भाऊबंदकीत डोकी फुटत आणि कज्जे वर्षानुवर्षं चालत.

आयर्लंडच्या शेरीफाहून पाटलाची गोष्ट वेगळी व्हायची ती इथे. शेरीफ वर्षाने बदले. पाटील मरेपर्यंत त्याच गावात, त्याच विहिरीवर. ज्याच्या जप्तीला तो पंच घेऊन जाई, त्याच्याच पोरीच्या लग्नात त्याला अक्षता टाकायच्या असत. म्हणून काही पाटील नरमले आणि काही नको तेवढे माजले. गावगाड्याच्या तळाशी ज्यांना वेठ होती, त्या महारांना आणि कोलाम-गोंडांना पाटील कसा वाटत असेल, हे विचारल्याशिवाय पाटीलकीचं कौतुक करू नये. ठाण्यापर्यंतची पायपीटही पाटील करत नसे, गावचा चाकर असलेला कोतवाल करी.

त्या पायपिटीतून एक गोष्ट मागे राहिली: कोतवाल बुक. गावात जन्मलं कोण, मेलं कोण, बापाचं नाव काय, जात कोणती. बाळाचं बारसं व्हायच्या आत नोंद होई, म्हणून पुष्कळ ठिकाणी नुसतंच ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ लिहिलेलं सापडतं. जुन्या नोंदी मोडीत आहेत. आज विदर्भात जातीचा दाखला काढणारा माणूस तहसील कचेरीत याच बुकाची नक्कल मागतो. अनुसूचित जमातीसाठी १९५० पूर्वीचा पुरावा लागतो, इतर मागासवर्गासाठी १९६७ पूर्वीचा. साहेबाने गावावर नजर ठेवायला लिहवून घेतलेली वही नातवाच्या वसतिगृहप्रवेशाला कामी येते. हे त्या साहेबाच्या स्वप्नातही नसणार.

गावचा आणि सरकारचा, या दोन पाटलांची ओढाताण १९३० च्या पावसाळ्यात उघडी पडली. वऱ्हाडात समुद्र नाही. मिठाच्या सत्याग्रहासाठी मीठ कुठून उचलणार? पण राखीव जंगल होतं, आणि तिथल्या चराईचा नि गवताचा जाच घरोघर ठाऊक होता. १० जुलैला लोकनायक बापूजी अणे यांनी पुसदला जंगलचा कायदा मोडला. २१ जुलैला यवतमाळजवळच्या लोहाऱ्याच्या जंगलात डॉ. केशव बळीराम हेडगेवारांच्या तुकडीने तेच केलं. त्यांना नऊ महिन्यांची सक्तमजुरी झाली आणि अकोल्याच्या तुरुंगात रवानगी झाली. सरकारी कायद्याने गवत कापणं म्हणजे चोरी. गावात काय शिजतंय याची खबर ठाण्याला देणं हे पाटलाचं नेमून दिलेलं काम, आणि तेच गवत त्याच्या शेजाऱ्याच्या गुरांना हवं होतं. गुजरातेत खेडा-बारडोलीकडे तर अनेक पटेलांनी राजीनामे सरकारच्या तोंडावर फेकले. बापजाद्यांच्या वतनावर पाणी सोडणं किती अवघड, हे वतनदाराच्या घरात वाढलेल्यालाच कळेल.

स्वतंत्र आयर्लंडने १९२६ मध्ये काउंटीचा मानाचा शेरीफ मोडीत काढला. वसुली करणारे शेरीफ तेवढे ठेवले. महाराष्ट्रानेही १९६२ च्या कायद्याने मुलकी पाटील रद्द केला. पोलीस पाटील ठेवला, पण त्याची वंशपरंपरा १९६७ च्या ग्राम पोलीस अधिनियमाने संपवली. आता जाहिरात निघते, दहावी पास आणि त्याच गावचा रहिवासी असलेला उमेदवार लागतो, लेखी परीक्षा होते, उपविभागीय दंडाधिकारी नेमणूक देतात. बायका या पदावर आल्या, राखीव जागांवर ज्यांच्या आज्याला पाटलाच्या ओट्यावर चढता येत नव्हतं तीही माणसं आली. पाटीलकीच्या इतिहासात याहून मोठी घडामोड मला दिसत नाही.

लोहारा आज यवतमाळला लागूनच आहे, बाजूला औद्योगिक वसाहत आहे. आडरानातल्या गावांत मात्र विहिरीत प्रेत सापडलं तर पहिला फोन अजून पोलीस पाटलालाच जातो. पोलीस येईपर्यंत गर्दी मागे हटवायची ती त्यानेच, पंच शोधायचे तेही त्यानेच. अधिनियमाचं सहावं कलम त्याच्यावर गुन्ह्यांच्या खबरीबरोबर गावाच्या आरोग्याची नि एकूण हालहवालाची माहिती देण्याचंही काम टाकतं, वॉरंट बजावण्याचंही. या सगळ्यासाठी महिन्याला साडेसहा हजार मिळत. मोर्चे काढकाढून २०२४ मध्ये ते पंधरा हजार झाले. पगार नव्हे, मानधन. नोकरीत कायम करा, ही मागणी त्यांच्या संघटना अजून लावून धरतात.