क्लाउड संगणनातील टॅग आणि त्यांचे परीक्षण

संगणकसेवा भाड्याने घेणाऱ्या संस्थेस आपली यंत्रे दृष्टीस पडत नाहीत. आभासी संगणक, साठवणीची जागा, डेटाबेस ही सर्व साधने दूरच्या केंद्रात असतात व ती काही मिनिटांत निर्माण करता येतात. अमुक साधन कोणाचे, ते कशासाठी घेतले व त्याचा खर्च कोणाच्या खाती टाकावयाचा, हे पुढे कळावे म्हणून त्यास टॅग जोडतात. टॅग म्हणजे नाव व मूल्य यांची जोडी होय. उदाहरणार्थ, ‘विभाग’ हे नाव आणि ‘परीक्षा’ हे मूल्य.

ह्या जोड्यांचे नियम सर्वत्र सारखे नाहीत. ॲमेझॉनच्या सेवेत बहुतेक साधनांस प्रत्येकी ५० टॅग लावता येतात. नावास १२८ व मूल्यास २५६ वर्णचिन्हांची मर्यादा असून दोहोंत लहानमोठ्या रोमन अक्षरांचा भेद पाळला जातो. मायक्रोसॉफ्टच्या अझूरमध्ये हा भेद मूल्यात मानतात, नावात मानीत नाहीत. गूगलच्या सेवेत ह्याच प्रकारच्या जोडीस ‘लेबल’ म्हणतात व तीत मोठी रोमन अक्षरे वर्ज्य आहेत.

भाषेच्या अभ्यासकास येथे एक मूलभूत फरक जाणवेल. ‘प्रॉडक्शन’, ‘प्रॉड’ आणि ‘लाइव्ह’ हे तीन शब्द एका कार्यालयात एकाच अर्थाने वापरले गेले, तर ऐकणाऱ्याचा घोटाळा होत नाही. संदर्भावरून तो त्यांची एकवाक्यता करतो. यंत्रापाशी असा श्रोता नाही. त्याच्या लेखी ती तीन स्वतंत्र मूल्ये होत. भाषाव्यवहारात सहज खपणारा पर्याय टॅगव्यवस्थेत नवा वर्ग उत्पन्न करतो.

म्हणून टॅगांचे परीक्षण तीन अंगांनी करावे लागते. पहिले अंग रूपाचे : एकाच अर्थाची किती लेखनरूपे प्रचारात आहेत, हे पाहणे. दुसरे व्याप्तीचे : कोणती साधने टॅगावाचून राहिली, हे शोधणे. अझूरमध्ये साधनगटास लावलेला टॅग गटातील साधनांकडे आपोआप उतरत नाही. त्यासाठी वेगळी योजना करावी लागते. तिसरे अंग अर्थाचे, आणि तेच सर्वांत कठीण. चाचणीसाठी घेतलेल्या डेटाबेसवर पुढे प्रत्यक्ष कामकाज सुरू होते; टॅग मात्र ‘चाचणी’ असाच राहतो. रूप निर्दोष, व्याप्ती पूर्ण, आणि तरीही विधान असत्य! पहिल्या दोन अंगांची तपासणी यंत्राकडे सोपविता येते. तिसऱ्यासाठी साधन वापरणाऱ्या माणसासच विचारावे लागते.

हा केवळ नीटनेटकेपणाचा प्रश्न नव्हे. खर्चाची विभागणी टॅगांवरून होते. प्रवेशाचे अधिकारही टॅगांवर आधारता येतात. तसे केले असता टॅग बदलण्याची मुभा म्हणजे प्रवेश देण्याचीच मुभा ठरते. रात्री ‘चाचणी’ची यंत्रे बंद करणारी किंवा मुदत संपलेली साधने नष्ट करणारी स्वयंचलित आज्ञाही टॅगच वाचते. वर सांगितलेला डेटाबेस अशा आज्ञेच्या कक्षेत आला, तर नावाची चूक ही वस्तूच्या नाशास कारण होईल.

उपाय परिभाषेच्या क्षेत्रातील परिचित उपायांसारखाच आहे. आवश्यक नावे मोजकी ठरवावीत, प्रत्येकाची ग्राह्य मूल्ये नोंदवावीत, व्याख्या लिहून ठेवावी आणि नव्या मूल्यास संमती कोणी द्यावयाची हे निश्चित करावे. ॲमेझॉनने २०१९ मध्ये उपलब्ध केलेल्या टॅगविषयक धोरणांच्या साहाय्याने अशी मान्य रूपे संस्थाभर लागू करता येतात. परंतु धोरण शब्दाचे रूप राखते, त्याची सत्यता राखीत नाही. साधनाचा उपयोग बदलला की त्याचे नाव बदलणे हे कोणाचे कर्तव्य, ह्याचा निर्णय झाल्यावाचून परीक्षण पुरे झाले असे म्हणता येणार नाही.