लाल सरोवरातील वॉलाय

मुलांनो, अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात हजारो लहानमोठी सरोवरे आहेत. त्यांपैकी उत्तरेकडचे 'रेड लेक' म्हणजे लाल सरोवर फार मोठे आहे. त्याचे क्षेत्रफळ ११०० चौरस किलोमीटरांहून अधिक आहे. या सरोवरात वॉलाय नावाचा चविष्ट मासा सापडतो. १९६५ साली तो मिनेसोटाचा राज्यमासा ठरला.

वॉलायचे डोळे मोठे आणि काचेसारखे चमकणारे असतात. मांजराच्या डोळ्यांप्रमाणे त्याच्याही डोळ्यांत प्रकाश परत फेकणारा थर असतो. त्यामुळे त्याला अंधुक उजेडातही चांगले दिसते. म्हणून तो दिवस मावळताना आणि रात्री शिकार करतो. लहान मासे हे त्याचे मुख्य अन्न होय.

सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तिथे पानगळ सुरू होते. पाणी थंड होऊ लागते. हिवाळा जवळ येत असल्यामुळे वॉलाय भरपूर खातो. मादीच्या पोटात पुढच्या वसंत ऋतूतील अंडी याच काळात वाढू लागतात. कोळी गळाला शिशाचा छोटा गोळा आणि जिवंत लहान मासा लावतात. गळ तळाजवळ सोडून ते दोरी हळूहळू हलवतात. पाणी थंड असल्यामुळे मासा सावकाश हालचाल करतो; म्हणून इथे घाई उपयोगी पडत नाही. पुढे सरोवरावर बर्फ जमतो. बर्फ पाण्यापेक्षा हलका असल्यामुळे तो वर तरंगतो आणि मासे खालच्या पाण्यात जिवंत राहतात.

या सरोवराच्या काठी ओजिब्वे हे मूळ रहिवासी राहतात. सरोवराचा बहुतेक भाग त्यांच्या ताब्यात आहे. मासेमारीवर अनेकांचे पोट चालत असे. पण गरजेपेक्षा जास्त मासे पकडले गेले. अंडी घालणाऱ्या माद्याच उरल्या नाहीत, तर नवी पिल्ले येणार कोठून? १९९० नंतरच्या काही वर्षांत वॉलाय जवळजवळ संपले.

तेव्हा ओजिब्वे कोळ्यांनी मोठा निर्णय घेतला. १९९७ साली त्यांनी आपणहून जाळी बाजूला ठेवली. हातचे उत्पन्न गेले, तरी ते मागे हटले नाहीत. १९९९ साली राज्य सरकारनेही आपल्या भागात वॉलाय पकडणे थांबवले. दोघांनी मिळून करार केला आणि १९९९, २००१ व २००३ या वर्षी सरोवरात कोट्यवधी पिल्ले सोडली. ती पिल्ले मोठी होऊन स्वतः अंडी घालेपर्यंत सर्वांनी वाट पाहिली.

अखेर २००६ साली मासेमारी पुन्हा सुरू झाली. आता किती मासे पकडायचे, याची मर्यादा ठरवलेली असते.

निसर्ग आपल्याला उदार हाताने देतो. परंतु बियाणेच खाऊन टाकले, तर पेरायला काय उरणार? शेतकऱ्याला ठाऊक असलेली ही गोष्ट लाल सरोवराच्या कोळ्यांना फार मोठी किंमत देऊन शिकावी लागली. आपल्या नद्या, तलाव आणि समुद्र यांच्याबाबतीत ती आपण आधीच लक्षात ठेवलेली बरी.