शाळेच्या पटांगणात उंबरखिंड

लोणावळ्याहून कुरवंड्याला गेले की नागफणीचा सुळका दिसतो आणि त्याच्या अंगाने जुनी घाटवाट खाली कोकणात उतरते. शाहिस्तेखानाचा सरदार कारतलबखान हजारोंची फौज घेऊन याच वाटेने उतरला आणि २ फेब्रुवारी १६६१ रोजी खालच्या उंबरखिंडीत दोन्ही बाजूंनी कोंडला गेला. सोबतच्या रायबागन या सरदारणीने शरण जाण्याचा सल्ला दिला. खानाने तो मानला, खंडणी दिली, सारे सामान तिथेच टाकले आणि जीव वाचवला.

हा प्रसंग गॅदरिंगला करायचा ठरला तर काय होते, ते आपण जाणतोच. उंच, खणखणीत आवाजाचा मुलगा महाराज होतो. त्याला दाढी चिकटवतात. संवाद आधीच ध्वनिमुद्रित केलेले असतात, मुले नुसते ओठ हलवतात. बाकीची तीस-चाळीस मावळे म्हणून एकदा ओरडतात. पालक फोटो काढतात आणि दुसऱ्या दिवशी गणिताचा तास सुरू होतो. यात मुले नाटकात दिसली. नाटक शिकली नाहीत.

चित्रकलेला निदान एलिमेंटरी, इंटरमिजिएट या परीक्षा आहेत. (नाटकाला परीक्षा लावा असे मी म्हणत नाही; परीक्षेने काय होते ते ठाऊक आहे!) पण तास हवा. आंतरराष्ट्रीय म्हणवणाऱ्या शाळांत तो आहे. आयबीच्या अकरावी-बारावीला नाट्य हा स्वतंत्र विषय असून विद्यार्थ्याला प्रयोगाचा संपूर्ण आराखडा मांडावा लागतो. तिथली फी भरणारी घरे वेगळी. मावळातल्या मराठी शाळेत चित्रकलेचे सर एखादे वेळी भेटतील, नाटकाचे नाहीत.

आपल्याकडे बालरंगभूमीची परंपरा नाही असे मात्र कुणी म्हणू नये. सुधा करमरकरांनी १९५९ मध्ये मुंबईत ‘लिटल थिएटर’ सुरू केले. मोहन आगाशे यांनी बर्लिनची ‘ग्रिप्स’ रंगभूमी १९८६ मध्ये पुण्यात आणली. तिच्यात मोठे नट मुलांच्या भूमिका करतात आणि विषय मुलांच्या रोजच्या जगण्यातले असतात. पण मुख्यतः ही मुलांना दाखवायची नाटके. नववीच्या मुलाने स्वतः प्रयोग उभा करणे ही त्यापुढची गोष्ट आहे, आणि तिला मोठे नाट्यगृह लागत नाही.

समजा, कुरवंड्यातल्या दहा मुलांनाच उंबरखिंड करायची आहे. हजारोंची फौज दहा जणांत कशी दाखवायची? कुणी म्हणेल पडदा रंगवू. कुणाला सुचेल की प्रेक्षकांनाच पटांगणाच्या मधोमध बसवावे आणि मावळे दोन्ही बाजूंच्या अंधारात ठेवावेत. मग खानाची फौज म्हणजे पाहायला आलेले आईबाप! पहिला दगड गडगडल्याचा आवाज पाठीमागून आला की कोंडी म्हणजे काय ते त्यांच्या अंगाला कळेल. हे दिग्दर्शन झाले, आणि चौदा वर्षांच्या डोक्याला ते झेपते.

अभिनयाची खरी कसोटी रायबागन करणाऱ्या मुलीची. ही माहूरच्या देशमुखांच्या घरातली बाई, मोगलांच्या चाकरीत. तिला खलनायिका करून दात-ओठ खायला लावणे सोपे आहे. पण खिंडीत अडकलेल्या माणसांकडे पाहून ती शरणागतीचा सल्ला देते, तेव्हा तिच्या मनात काय असेल? हे शोधल्याशिवाय वाक्य म्हणता येत नाही. आपल्या बाजूच्या नसलेल्या माणसाच्या जागी उभे राहायला पाठ्यपुस्तकातला धडा इतके भाग पाडत नाही.

शिवाय निर्मिती आहेच. मावळात पावसाळ्यात वीज जाते, म्हणून पेट्रोमॅक्स कुणी धरायचा. दगडाचा आवाज पत्र्यावर काढायचा की पिंपावर. कोण कधी आत जाणार, याची वही कुणी ठेवायची. मंचावर तोंड न उघडणारी पोरे इथे कामाला येतात. बँकेत जन्म काढल्यामुळे माझी नजर आधी जमाखर्चाकडे जाते. हजार रुपये मुलांच्या हाती द्यावेत आणि पावत्या मागाव्यात. कांबळी भाड्याने आणायची की घरोघरी मागायची, यावर त्यांची पहिली बैठक तास-दीड तास सहज चालेल.