चहाच्या विविध प्रकारांतील वनस्पतिजन्य संयुगे : गुणधर्म आणि मर्यादा

हिरवा, काळा, उलाँग व पांढरा या नावांनी ओळखले जाणारे चहाचे सर्व प्रकार कॅमेलिया सायनेन्सिस या एकाच वनस्पतीपासून तयार होतात. त्यांतील भेद प्रामुख्याने पाने खुडल्यानंतरच्या प्रक्रियेतून निर्माण होतो. महाराष्ट्रातील परसदारी वाढणारा गवती चहा मात्र मुळात चहा नव्हेच. ते एक गवत असून त्याचा सुगंध सिट्रल या द्रव्यामुळे येतो.

चहाच्या कोवळ्या पानांच्या शुष्क वजनाच्या सुमारे एकचतुर्थांश ते एकतृतीयांश भाग पॉलिफेनॉल संयुगांचा असतो. त्यांतील प्रमुख गट कॅटेचिनांचा होय. १९२९ मध्ये मिचियो त्सुजिमुरा या जपानी महिला शास्त्रज्ञाने हिरव्या चहातून कॅटेचिन वेगळे केले. पान चुरडले गेले, की पेशींतील पॉलिफेनॉल ऑक्सिडेज हे विकर कॅटेचिनांच्या संपर्कात येते आणि हवेतील ऑक्सिजनच्या साहाय्याने त्यांचे रूपांतर थिअफ्लेविन व थिअरुबिजिन या संयुगांत होते. काळ्या चहाचा तांबूस रंग व तुरटपणा ही त्यांचीच देणगी. (या क्रियेला व्यापारी भाषेत ‘किण्वन’ म्हणतात, वस्तुतः तेथे सूक्ष्मजीवांची मुख्य भूमिका नसते.) हिरव्या चहात वाफ देऊन किंवा कढईत भाजून हे विकर आरंभीच निष्क्रिय केले जाते, त्यामुळे कॅटेचिने बव्हंशी टिकून राहतात. उलाँग या दोहोंच्या मधला. महाराष्ट्रात सर्वत्र वापरली जाणारी सीटीसी पद्धतीची दाणेदार पूड तयार करताना पान पूर्णपणे चिरडले जाते. साहजिकच तीत मूळ कॅटेचिने अल्प उरतात.

थिअनिन हे अमिनो आम्ल मुळांत तयार होऊन पानांत पोहोचते व सूर्यप्रकाशात त्याचा काही अंश कॅटेचिने बनण्यात खर्ची पडतो. म्हणूनच जपानमध्ये सावलीत वाढविलेला चहा कमी तुरट लागतो.

परीक्षानळीत ही संयुगे प्रभावी ऑक्सिडीकरणरोधक ठरतात. वेष्टनांवरील जाहिराती याच आधारावर उभ्या असतात. तथापि शरीरात त्यांचे शोषण मर्यादित होते, ही बाब जाहिरातीत सहसा आढळत नाही. दुधाच्या परिणामाबाबतही निष्कर्ष एकसारखे नाहीत. २००७ मध्ये बर्लिन येथे १६ महिलांवर झालेल्या अभ्यासात, चहामुळे रक्तवाहिन्यांच्या प्रसरणात होणारी सुधारणा दूध मिसळल्यावर दिसेनाशी झाली. १९९८ च्या एका अभ्यासात मात्र दुधामुळे रक्तातील कॅटेचिनांचे प्रमाण घटल्याचे आढळले नव्हते. अर्काच्या गोळ्यांचा विचार तर स्वतंत्रपणेच करावा लागतो. दररोज ८०० मिलिग्रॅम वा अधिक इजीसीजी पूरक स्वरूपात घेतल्यास यकृतावर ताण येत असल्याची चिन्हे दिसतात, असे युरोपीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१८ मध्ये नमूद केले.

महाराष्ट्राच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा प्रश्न लोहाचा आहे. हितकारक म्हणून गौरविली जाणारी हीच पॉलिफेनॉले आतड्यात वनस्पतिजन्य अन्नातील लोहाशी संयोग पावतात व त्याचे शोषण रोखतात. दक्षिण आफ्रिकेतील संशोधकांनी १९७५ मध्येच हे दाखवून दिले होते. भात, भाकरीसारखे अन्न असो वा लोहाच्या क्षाराचे द्रावण, दोहोंबाबत हा परिणाम दिसतो. मांसातील हीम-लोहावर तो तुलनेने कमी असतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) राज्यातील १५ ते ४९ वयोगटातील निम्म्याहून अधिक स्त्रिया रक्तक्षयग्रस्त आढळल्या. रक्तक्षयाची कारणे अनेक आहेत आणि त्याचा सारा दोष चहावर टाकणे अशास्त्रीय ठरेल. परंतु जेथे सकाळची न्याहारी चहा-पोळीवर भागते व आहार बहुतांशी शाकाहारी असतो, तेथे हा घटक दुर्लक्षिता येत नाही.

उपाय खर्चिक नाही. २०१७ मध्ये ब्रिटनमध्ये झालेल्या एका छोट्या अभ्यासात, जेवणानंतर तासाभराने चहा घेतल्यास लोहाच्या शोषणातील घट बरीच कमी होत असल्याचे दिसले. गर्भवती स्त्रियांना मिळणाऱ्या लोहाच्या गोळ्यांनाही हेच अंतर लागू पडते. त्या चहाच्या घोटाबरोबर न घेता पाण्याबरोबर किंवा लिंबाच्या सरबताबरोबर घेणे इष्ट होय.