चेहऱ्यावरची रंध्रे मोठी का दिसतात?

बोर्ली पंचतन परिसरात जांभ्याच्या चिऱ्यांची भिंत शोधायला लांब जावे लागत नाही. ऊन भिंतीला घासून जाते तेव्हा चिऱ्यांतली भोके खोल आणि काळी दिसतात. तेच ऊन समोरून पडले, की भोके उथळ वाटतात. भोके तीच, बदलते ती सावली. चेहऱ्याच्या रंध्रांचेही काही अंशी असेच आहे. खिडकीशेजारच्या आरशात ती मोठी दिसतात, याचे एक कारण हे.

मग सगळा दृष्टिभ्रमच का? तसे नाही. चेहऱ्यावर दिसणारे प्रत्येक रंध्र म्हणजे एका केसाच्या मुळाकडे जाणाऱ्या नळीचे तोंड. या नळीत तैलग्रंथी उघडते आणि सीबम नावाचा तेलकट पदार्थ सोडते. (घामाची छिद्रे वेगळी, ती नुसत्या डोळ्यांना सहसा दिसत नाहीत.) वयात येताना संप्रेरकांमुळे तैलग्रंथी जोमाने काम करू लागतात. तेल आणि मृत पेशी साचून तोंड ताणले जाते. पुढे वयाबरोबर आणि उन्हातील अतिनील किरणांमुळे त्वचेतले कोलॅजेन कमी होते, तोंडाभोवतीचा आधार सैल पडतो. आनुवंशिकतेचाही वाटा असतोच.

वर्गात एक प्रयोग करता येईल. तोंड धुतल्यानंतर दोन तासांनी पातळ टिश्यू कागदाचा एक तुकडा नाकावर आणि दुसरा हाताच्या आतील बाजूवर मिनिटभर दाबून धरा. पंधरा मिनिटे वाळू द्या आणि उजेडासमोर धरून पाहा. घामाचा ओलावा वाळून गेलेला असेल, तेलाचा पारदर्शक डाग मात्र राहील. तेल कागदाच्या तंतूंमधल्या फटी भरते, प्रकाश कमी विखुरतो, म्हणून डाग उजळ दिसतो. कोणत्या तुकड्यावर डाग मोठा, आणि का, हे विद्यार्थ्यांनाच सांगू द्या.

'वाफेने रंध्रे उघडतात, बर्फाने मिटतात' हा समज सर्वत्र आढळतो. पण उघडझाप करायला रंध्राच्या तोंडाशी स्नायूच नसतो. केस उभा करणारा चिमुकला स्नायू असतो, पण तो खाली, नळीच्या कडेला जोडलेला. वाफेने साचलेला मळ मऊ होतो. गारव्याने त्वचा क्षणभर आवळते. परिणाम तेवढाच.

रंध्रे कायमची नाहीशी करता येत नाहीत, आणि करूही नयेत. त्यांतून येणारे तेल त्वचेचे रक्षण करते. ती कमी ठळक दिसावीत एवढे मात्र साधते. सौम्य साबणाने दिवसातून दोनदा तोंड धुवावे, उन्हात टोपी व सनस्क्रीन वापरावे. सॅलिसिलिक आम्ल तेलात विरघळते, म्हणून नळीत शिरून साचलेला मळ सुटा करू शकते. रेटिनॉइड मलमे डॉक्टरांच्या सल्ल्यानेच आणि गरोदरपणात मुळीच नाहीत. गुण यायला काही आठवडे लागतात.

लिंबू चोळणे टाळावे. त्वचेचा पीएच पाचच्या आसपास, तर लिंबाच्या रसाचा सुमारे दोन. शिवाय लिंबाच्या सालीतली काही द्रव्ये उन्हात त्वचा भाजून काळे डाग पाडतात.

त्याहून मोठा धोका 'गोरे करणाऱ्या' स्टेरॉइडमिश्रित मलमांचा आहे. सुरुवातीला चेहरा नितळ दिसतो. काही आठवड्यांनी त्वचा पातळ होते, रक्तवाहिन्या दिसू लागतात, पुरळ उठते. मलम थांबवले की चेहरा लाल होऊन जळजळतो आणि विद्यार्थी पुन्हा तेच मलम लावतो. 2018 मध्ये केंद्र सरकारने अशी मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकण्यावर निर्बंध आणले. तरीही घरोघरी एकाची ट्यूब दुसरा वापरतो.

म्हणून आमची शिक्षकांना विनंती आहे : वर्गात कुणाचा चेहरा अचानक उजळून मग लालसर, पुरळलेला दिसू लागला, तर चारचौघांत न विचारता एकांतात विचारा, आणि ट्यूब सोबत घेऊन त्वचारोगतज्ज्ञाकडे जायला सांगा. ट्यूबवरील घटकद्रव्यांची नावे वाचायला शिकवणे हाही विज्ञानाचा एक चांगला तास ठरेल.