जुन्या गाडीतील स्वयंचलित गिअर

अणशी घाटाने कद्र्याकडे उतरणारी आपल्या जोयडा तालुक्यातील वाट ज्यांनी पाहिली आहे, त्यांना मोटारीतील गिअरचे महत्त्व निराळे सांगावयास नको. चढणीवर जोर वाढविणे आणि उतारावर वेग आवरणे, ही दोन्ही कामे त्याचीच. ती चालकाच्या हातून काढून यंत्राकडे सोपविण्याची कल्पना जुनी आहे. अमेरिकेतील ओल्ड्समोबिल मोटारीच्या १९४० च्या नमुन्यात अशी योजना होती. आपल्या देशात मात्र २०१४ साली मारुतीची सेलेरिओ आली, तेव्हापासून ती सामान्य कुटुंबाच्या आवाक्यात आली. आता असा गिअर असलेल्या छोट्या एसयूव्ही गाड्या जुन्या बाजारातही मिळतात. त्यांत वर्षानुवर्षांची शिल्लक घालावी काय, हा प्रश्न मग घरोघरी निघतो.

‘स्वयंचलित’ हे नाव एक असले, तरी त्याखाली निरनिराळी यंत्रे नांदतात. नेक्सॉनच्या आरंभीच्या गाड्यांत आणि २०१८ च्या डिझेल विटारा ब्रेझात एएमटी आहे. त्यात गिअर व क्लच नेहमीचेच असतात; केवळ डाव्या हातापायांचे काम यंत्र करते. गिअर बदलताना अशी गाडी किंचित अडखळते. तो तिचा स्वभाव होय, दुखणे नव्हे. क्लच प्लेट झिजल्यास बदलताही येते.

टॉर्क कन्व्हर्टरची गोष्ट वेगळी. दोन पंखे समोरासमोर ठेवून एक चालू केला, की त्याच्या वाऱ्याने दुसराही फिरू लागतो. येथे वाऱ्याच्या जागी तेल असते. गाडी सुटताना घासणारी क्लच प्लेट नसल्यामुळे चढणीवर झीज अल्प होते. घाटवाटेस हाच प्रकार अधिक भरवशाचा, असे माझे मत आहे. २०२२ च्या ब्रेझाला तो दिलेला आहे. मॅग्नाइटसारख्या गाड्यांतील सीव्हीटीत पोलादी पट्टा दोन कप्प्यांवरून फिरतो. चाल मऊ, परंतु पट्टा घसरू लागला तर खर्च जबर.

कोरड्या दुहेरी क्लचच्या बाबतीत सावध असावे. वाहनांच्या गर्दीत वा चढावर रेंगाळल्यास तो तापतो. फोर्डने २०१३ च्या इकोस्पोर्टमध्ये दुहेरी क्लच घातला होता. पुढे तो सोडून टॉर्क कन्व्हर्टर घेतला. त्याच घराण्यातील यंत्रावरून अमेरिकेत फिएस्टा व फोकस गाड्यांच्या मालकांनी खटला भरला, आणि त्याची तडजोड २०२० साली न्यायालयाने मान्य केली.

यंत्र कोणतेही असो, आधीच्या मालकाची सवय त्यात उतरलेली असते. चढावर हँडब्रेक न ओढता ॲक्सिलरेटरवरच गाडी तोलून धरणारा गृहस्थ एएमटीचा क्लच अकाली जाळतो, आणि बाहेरून पाहणाऱ्यास त्याचा पत्ताही लागत नाही. म्हणून इंजिन थंड असतानाच गाडी पाहावयास जावे. पुढचा आणि मागचा गिअर टाकताच ती रेंगाळते काय, धक्का देते काय, हे पाहावे. गिअरबॉक्सचे तेल बदलल्याची पावती मागावी. मग भर चढावर थांबवून पुन्हा सोडावी. इंजिन ओरडते पण गाडी सरकत नाही, असे झाले तर व्यवहार तेथेच थांबवावा. उतारावर खालचा गिअर आपल्या हाताने टाकण्याची सोय आहे ना, हेही तपासावे. अणशीचा उतार नुसत्या ब्रेकवर उतरू लागल्यास ब्रेक तापून निकामी होण्याचा धोका असतो.