न बोललेला होकार

धानाचा हंगाम आटोपला की नागभीडच्या बाजारपेठेत गिऱ्हाइकांची वर्दळ वाढते. दुकानाच्या पायरीशी कोणी घुटमळले, लुगड्याचा पोत दोनदा चाचपला आणि हात नकळत खिशाकडे गेला, तर अनुभवी दुकानदार ओळखतो की माल पसंत आहे, अडचण पैशांची आहे. व्यापारी घरांतील मुले हे ज्ञान वडिलांच्या शेजारी गादीवर बसूनच मिळवतात.

देहाच्या भाषेचा व्यापारात एक जुना, हेतुपुरस्सर वापरही होता. अडत्या आणि खरेदीदार उपरण्याखाली एकमेकांची बोटे धरून मालाचा भाव ठरवीत. जवळच उभ्या असलेल्या शेतकऱ्याला मात्र आपल्याच मालाचा भाव कळत नसे! पुढे बाजार समित्या आल्या. महाराष्ट्रात १९६३ च्या कायद्याखाली उघड लिलावाची पद्धत रुजली.

बोटांच्या त्या खुणेला निदान दोघांनी मान्य केलेला अर्थ होता. मानेच्या हालचालीला तसा नसतो. उधारीची रक्कम सांगितल्यावर गिऱ्हाईक मान डोलावते, तेव्हा ते ‘कबूल’ म्हणते, ‘ऐकले’ म्हणते, की ‘बघू’ म्हणते? दुकानदार पहिला अर्थ धरून वहीत आकडा मांडतो आणि वसुलीच्या वेळी वाद उभा राहतो.

नजरेचे प्रकरण त्याहून नाजूक आहे. डोळ्याला डोळा न देणारा माणूस खोटा, असे अनेक गल्ल्यांवर आजही मानले जाते. खेड्यातून आलेला तरुण मोठ्यांपुढे नजर खाली ठेवतो ती बहुधा मर्यादेपोटी. सराईत फसवणारा मात्र हसतमुखाने थेट डोळ्यांत पाहून बोलतो. २००६ मध्ये चार्ल्स बाँड आणि बेला डीपॉलो या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी अनेक प्रयोगांचे निष्कर्ष एकत्र तपासले. खरे-खोटे ओळखण्यात माणसे सरासरी शंभरात ५४ वेळाच बरोबर ठरली. नाणे उडवले तरी ५० वेळा बरोबर येते. ‘चेहरा पाहून माणूस ओळखतो’ म्हणणाऱ्यांनी हा आकडा ताळेबंदात धरावा. चुकीच्या संशयाने तुटणारे गिऱ्हाईक सहसा भांडत नाही. पुढच्या हंगामात ते मुलीच्या लग्नाचा बस्ता दुसऱ्या दुकानात बांधते.

म्हणून खुणा पाहाव्यात, पण त्यांचा उपयोग प्रश्न विचारण्यासाठी करावा. पायरीशी घुटमळणाऱ्याला ‘थोडे हलके दाखवू का?’ असे इतरांदेखत न विचारता हलक्या आवाजात विचारावे. उधारीची रक्कम आणि परतफेडीची तारीख वाचून दाखवावी, आणि गिऱ्हाईक तोंडाने ‘हो’ म्हणेपर्यंत वही मिटू नये.